शरूला कोणत्या वर्गात बसवायचं

१४ जून १९५२, धार
मुलं काल पोचली. हे मुंबईच्या बंदरावर घ्यायला गेले होते. शरू दहाची, नंदू सहाचा. माझ्या धाकट्या भावाची, मधूची मुलं. दोघंही नैरोबीत जन्मलेली. आपसात स्वाहिलीत कुजबुजतात, आमच्याशी मराठी, जपून. मधूची चिठ्ठी: "अक्का, आम्ही परत येईपर्यंत मुलं तुझ्याकडे राहू देत, आपली भाषा राहील. पण शरू वयाच्या वर्गात बसली नाही तर पाचगणीच्या इंग्रजी बोर्डिंगात घालावं लागेल. कुसुमचं तसंच म्हणणं आहे." कुसुम म्हणजे माझी भावजय.
लग्नाला तेवीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा घरात कुणी पाण्याचा तांब्या लवंडला. किती बरं वाटलं.

३ जुलै
मुलींच्या शाळेत गेले. बडी बहनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, शरूपुढे हिंदीचं पुस्तक ठेवलं. ती नुसती बघत राहिली. मी ऐटीत म्हटलं, मराठी घरातली आहे, मराठी वाचेल. पिशवीतून मासिक काढून दिलं, माझीच गोष्ट छापून आलेलं. तेही नाही. मान खाली.
"दस बरस की लड़की, और एक अक्षर नहीं? पहली में बिठाऊँगी." रागानं नाही म्हणाल्या, पण वर्गातल्या मुली हसल्या.
मधूनं लिहिलं होतं, शरू वर्गात पहिली असते. कोणत्या भाषेत, हे त्यानं लिहिलं नाही, मी विचारलं नाही. आमच्या घरातल्या मुलीला मराठी वाचता येत नसेल हे मनातच आलं नाही.
नंदूचा प्रश्न नाही. मुलांच्या शाळेत पहिलीत बसला.

९ जुलै, देवास
वन्संकडे आले. इथली मराठी शाळा चांगली, पण वरचे वर्ग एकेक करून हिंदी होताहेत. मास्तर म्हणाले, "बाई, यंदा घेईन. पुढच्या वर्षी मीच कुठे असेन, ठाऊक नाही." वन्सं मुलीला ठेवून घ्यायला तयार. देव त्यांचं भलं करो. पण मग नंदू धारला आणि ही देवासला. नको.

१३ जुलै
शाळेचा झगा शिवायला कापड घ्यायला यांच्याबरोबर बाजारात. दुकानदार गुजरातच्या सीमेजवळच्या कुक्षीकडचे, गादीवर गुजराती वर्तमानपत्र पडलेलं. मी कापडाचा पोत बघतेय आणि मागून शरूचा आवाज, घडाघडा, न अडखळता. ती वर्तमानपत्र वाचत होती.
शेठजी यांना म्हणाले, "देखो भिया, या छोरी तो म्हारा से बी तेज बाँचे."
नैरोबीची शाळा गुजराती. हिशेब, भूगोल, सगळं तिनं गुजरातीत केलेलं.
"अगं, मग बोलली का नाहीस?"
"मला वाटलं, इथं ते चालत नाही."
महिनाभर पोरगी गप्प बसून होती.
हे वाटेत म्हणाले, "गोष्टी लिहिणाऱ्या बाईनं एक प्रश्न विचारायला महिना घेतला." ऐकून घेतलं. खरंच आहे.

१५ जुलै
शेठजींचे काका कुक्षीच्या शाळेत मास्तर होते, आता इथेच असतात. आज स्वतःच आले. गुजराती अक्षरांवर रेघ नसते. पाटीवर एक अक्षर काढून म्हणाले, "बेटा, ये वही है. बस, ऊपर छत डाल दे." शरू हसली. आल्यापासून पहिल्यांदा. क आणि अ मात्र वेगळेच, ते दगा देतात.

२८ जुलै
मास्तर रोज सकाळी. काही घेत नाहीत, फक्त डबाभर आमटी. "हमारी बहू को मत बताना." सून चांगला स्वयंपाक करते, पण आमच्यासारखा गूळ घालत नाही म्हणे.
मास्तर माझ्याबरोबर शाळेत आले. गुजरातीत गणितं घातली, शरूनं फळ्यावर सोडवली. बहनजींनी फळा तपासला. मग म्हणाल्या, "चौथी में बैठेगी. छमाही तक. नहीं चली तो नीचे." वयाचा वर्ग मिळाला, त्या बाईंचे उपकार. नियमावर बोट ठेवून नाही म्हणता आलं असतं.

१९ ऑगस्ट
शरू हिंदी अक्षरं लावून लावून वाचते. दुपारी मराठीही. माझ्या गोष्टीचं एक पान वाचलं, अर्धा तास लागला. "आत्या, या बाईला कुणीच काही विचारत नाही का?" संपादकांनी एवढं बारकाईनं कधी वाचलं नव्हतं.
नंदू शेजारच्या पोरांशी माळवीत भांडतो. स्वाहिली आता फक्त झोपेत.

७ ऑक्टोबर
सहामाही संपली. हिंदीचा पेपर कसा गेला? "लिहिला." एवढंच.
मधूचं पत्र. पाचगणीला दिवाळीनंतर जागा आहे, तार कर.

११ ऑक्टोबर
निकाल मंगळवारी. तार केली नाही.
वेणी घालताना शरूला सरळ विचारलं. तिकडे हिंदीची कटकट नाही. जायचंय?
ती पाठमोरी. "तू बाबांना काय कळवलंस?"
"अजून काही नाही."
"मी लिहू?"
कागद दिला. ओसरीवर बसून लिहीत होती, खोडत होती. मी बघितलं नाही, पण मधेच तिनं विचारलं, "आत्या, 'इथंच' मधला इ कसा काढायचा?" पाकीट स्वतः चिकटवलं, पत्ता मात्र माझ्याकडून घालून घेतला. संध्याकाळी पोस्टात टाकून आले. पाकीट जाड होतं.