शेवटची फळी

हळर्ण, १२ ऑक्टोबर

प्रिय भागी,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझं सुर्ला काही लांब नाही आणि फोन खिशातच असतो. पण फोनवर मी दोन वाक्यांनंतर हवापाण्यावर येतो, हे तुला ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो. घराची दुरुस्ती संपली. म्हणजे एक फळी सोडून संपली. ती बसल्याशिवाय माझ्या समीक्षाचं लग्न या घरात करायचं नाही असं मी ठरवलंय, आणि ती बसवणं माझ्या हातात नाही.

आधी कामाचं सांगतो. मार्चमध्ये एक इंजिनिअर आला. म्हणाला, या लाकडी भिंती पाडा, चिरे लावा, मोपाला विमानाने उतरणारे पाहुणे ठेवता येतील. त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि दादू मेस्ताला बोलावलं. सुतारकामात तो चोख, पण चहाबरोबरचे उंडे पाव ताजे नसले की रंधा खाली ठेवतो. तुझ्या वहिनीने चार महिने त्याची मर्जी सांभाळली. आपल्या भिंती कशा आहेत ते तुला वेगळं सांगायला नको. खाली-वर तुळई, तिला खाच, आणि खाचेत फणसाच्या उभ्या फळ्या सरकवलेल्या. खिळा एकही नाही. दादूने प्रत्येक फळीवर खडूने आकडा घातला, वाळवीने खाल्लेल्या बारा बदलल्या, बाकीच्यांना काजूच्या टरफलांचं तेल चोळलं. मी शहाणपणा करून मदतीला गेलो, तर आठ दिवस हाताची सालं निघत होती. वहिनी खूप हसली.

सगळ्या घरात फुटलेली भिंत एकच निघाली, बैठकीच्या आणि मधल्या खोलीमधली. दादूने त्या भिंतीची शेवटची फळी हलवून पाहिली, ती हलेना. मग त्याला मागच्या बाजूने मारलेले सात खिळे दिसले. पावसात फुगायला जागा न मिळाल्यामुळे ती फळी उभी चिरली होती आणि शेजारच्या दोन्ही घेऊन बसली होती. तो चिडून म्हणाला, "हांगा खिळे कोणे मारल्यात? तो सुतार न्हय, वैरी." मी तिथेच उभा होतो. जुनी गोष्ट आहे, एवढंच बोललो.

खिळे निघाल्यावर फळीची कड दिसली. तिच्यावर पटाशीच्या पाच खुणा आहेत. आपल्या घरातल्या मुलीचं लग्न ठरलं की ती भिंत उतरवायची, दोन खोल्यांची एक करायची. लग्नानंतर पाचव्या दिवशी पाचपरतवणाला माहेरी आलेल्या नवरीने शेवटची फळी आपल्या हाताने बसवायची आणि सुताराने कडेवर एक खूण करायची. आबांच्या दोन आत्या, तीन बहिणी. सहावी खूण तुझी हवी होती. दादूने बोट फिरवून मोजलं आणि माझ्याकडे पाहिलं.

तू विठूशी पेडण्यात नोंदणीने लग्न केलंस, तेव्हा आबा चार दिवस जेवले नाहीत, हे खरं. बेळगावकडचा, खाणीच्या ट्रकवरचा जावई त्यांना नको होता, हेही खरं. पण चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतः ती फळी काढली आणि खांबाला टेकून ठेवली. उद्या पाचवा दिवस म्हणून मला म्हणाले, "भागी फाल्यां येतली." पाचव्या दिवशी सकाळी ते तुझ्यासाठी साडी आणायला म्हापशाला गेले. मी फळी बसवली आणि खिळे ठोकले. तू आलीस, सोप्यावरून भिंत पाहिलीस, आणि आबांनीच बंद केली असं मी तुला सांगितलं. तू पाणीही न पिता गेलीस. आबा साडी घेऊन परतले, तेव्हा त्यांना सांगितलं की तू येणार नाहीस असा निरोप आलाय.

त्यांनी परत कधी त्या भिंतीला हात लावला नाही. ते वारले तेव्हा तू अंगणातूनच परत फिरलीस, आणि तेव्हाही मी गप्प बसलो. सत्तावीस वर्षं तू समजत आलीस की बापाने दार लावलं. मी लावलं होतं. लोक काय म्हणतील, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं, आणि लोक तर कधीच विसरून गेले.

चिरलेली फळी दादूने फेकू दिली नाही. मागून पट्टी जोडून सांधली आहे. बाकी भिंत उभी आहे, एका फळीची फट ठेवून. साडी आबांच्या पेटीत मिळाली, हिरवी आहे, घडीवर थोडी विरली आहे. समीक्षाला मी काल सगळं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. एवढंच म्हणाली, आधी आत्याची खूण, मग माझं लग्न. विठूला घेऊन ये. मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण सोप्यावरून परतू नका. फळी आबांनी टेकून ठेवली होती त्याच खांबाला उभी आहे, आणि दादूला मी पटाशी घरी न्यायची नाही म्हणून सांगितलंय.

तुझाच,
शिवदासभाई