लपंडू यादीत नाही

१२ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील, वहिनीची कंबर आता सरळ झाली असेल आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पुन्हा तुमच्या बाल्कनीत पाणी ओतलं नसेल, असं धरून चालते. मी ठीक. कामाच्या ओझ्याखाली आहे, पण ओझं ओळखीचं आहे.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू नुसता "हं" म्हणतोस. मग मीही "हं" म्हणते. दोन माणसांनी एकमेकांना हुंकार द्यायला फोन कशाला हवा?

आमच्या नवव्या व्हिडिओ खेळाचं काम सुरू झालंय. मला या वेळी तीन नवे प्राणी द्यायचेत. आमचे आजोबा तुला माहीत आहेत. पहिल्या खेळापासूनचे प्रमुख म्हणून आजोबा, वय साठसुद्धा नाही. ते चित्राचे रंग बघतच नाहीत. अख्खा प्राणी काळ्या शाईनं भरून टाकतात, भिंतीला लावतात आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहतात. नुसत्या काळ्या आकारावरून कोण ते कळलं नाही, तर चित्र खाली. माझा पहिला प्राणी त्यांना किटली वाटला. "उकळतोय का हा?" म्हणाले. सगळे खो खो हसले. मीही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं रडून आले. इतकी वर्षं झाली तरी कातडी जाड व्हायचं नाव नाही.

आता मुद्द्याचं. ठकीचं ते खेळाचं यंत्र. पडद्यावर रेषा येतात आणि चार्जरची पिन बोटानं दाबून बसावं लागतं म्हणालास. दादा, ते यंत्र आज नाही तर उद्या बंद पडणार. आणि ते गेलं की त्यातला पैलवानही गेला.

सहा वर्षांची असताना तुझी लेक माझ्या टेबलाशी उभी राहून म्हणाली होती, "आत्या, तुझे सगळे भांडकुदळच कसे गं? एक घाबरट काढ ना." तिच्या शब्दावर मी लपंडू काढला. मोठं चपटं शेपूट तोंडापुढे धरायचं आणि कडेनं एका डोळ्यानं बघायचं, एवढंच त्याचं कर्तृत्व. लोकांनी त्याला कधी डोक्यावर घेतलं नाही. पण बाईसाहेबांनी आपल्या लपंडूला पकडलं, वाढवलं आणि नाव ठेवलं पैलवान! पाच वर्षं तो खेळात तिच्यामागून चालला. ती गेल्यापासून दोन वर्षं तुमच्यामागून चालतोय. ऑफिसातून आल्यावर तू आणि वहिनी तिच्या पलंगावर बसून त्याला दहा मिनिटं तळ्याभोवती फिरवून आणता, हे मला वहिनीनं सांगितलं. तू नाही सांगितलंस.

तर ऐक. जुन्या खेळांतले प्राणी आमच्या इंटरनेटवरच्या कोठारात पाठवता येतात आणि नवा खेळ आला की तिथून त्यात उतरवता येतात. जुन्या यंत्रांसाठी ही सोय मार्चमध्ये बंद होतेय. म्हणून आत्ताच पाठव. काय काय दाबायचं ते वेगळ्या कागदावर चित्रं काढून देतेय. फक्त एक ध्यानात ठेव, वाट एकेरी आहे. कोठारात गेलेला प्राणी जुन्या खेळात परत येत नाही.

वहिनी नको म्हणेल. तिला सांग, लपंडू नव्या खेळात आहे, कच्च्या यादीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. माझा शब्द आहे म्हणावं. नव्या खेळात तळंही मोठं आहे. तुम्हा दोघांना फिरायला ऐसपैस.

तुझी
धाकटी


२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही दोघं मजेत असाल.

इकडे सगळं व्यवस्थित. माझ्या बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे, त्यामुळे रोज पाच मजले चढून माझे पाय पोस्टमनसारखे झालेत. शेजारच्या काकूंनी मांजर आणलंय. ते माझ्याच पायपुसण्यावर येऊन झोपतं आणि काकूंना वाटतं मी त्याला फूस लावली. ऑफिसात खुर्च्या बदलल्या. नव्या खुर्चीत पाठ जास्त दुखते, पण खुर्ची महागातली असल्यामुळे कुणी बोलत नाही.

माझे तिन्ही प्राणी पास झाले! किटलीचं काय करायचं ते करून झालं, आता तो किटली वाटत नाही. दुसरा तर आजोबांनी लांबूनच ओळखला. तिसऱ्याला आधी जागा नव्हती, मग झाली.

हो, एक कळवायचं राहिलं. पक्की यादी लागली. लपंडू त्यात नाही. दर वेळी काही जुने मागे ठेवावे लागतात, एकेकाला नव्यानं घडवायचं म्हणजे फार काम असतं. हे सगळं वरच्या पातळीवर ठरतं. मलाही वाईट वाटलं. पैलवान कोठारात सुखरूप आहे, त्याची काळजी नको. तिथे उघडलं की त्याचं चित्र दिसतं. हलत नाही, पण स्वच्छ दिसतं.

वहिनीला नीट समजावून सांग. उत्तराची घाई नाही.

तुझी
धाकटी


१९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं. सहा वाक्यांचं. "तू मनाला लावून घेऊ नकोस. वहिनीला मी सांगितलंय की धाकटीनं थांब म्हटलं होतं, मीच घाईघाईनं पाठवून बसलो. ती सध्या माझ्याशी बोलत नाही, पण होईल ठीक. तिची चूक नाही, तिनं नको म्हटलं होतं. तू कामाकडे लक्ष दे. वेळेवर जेवत जा."

जेवत जा! मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. तिथंच पायरीवर बसले आणि येणारेजाणारे मला वळसा घालून जात राहिले. लहानपणी माझ्या हातून काच फुटली की तू पुढे होऊन "मी फोडली" म्हणायचास. तेव्हा मला बरं वाटायचं, हे आज लाज सोडून सांगते. या वेळी बरं वाटलं नाही. या वेळी तुझ्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत आणि त्याचं कारण इथे बसून मांजराच्या गमती लिहितंय.

दादा, वर कुणी काही ठरवलं नाही. आमच्याकडे तसं ठरतच नाही. ज्यानं प्राणी काढला, त्याला विचारल्याशिवाय तो मागे ठेवायचा नाही, ही आजोबांची पहिल्यापासूनची रीत आहे. मान असतो तो. यादी आपल्या हातात येते, प्रत्येक जुन्या प्राण्यापुढे दोन चौकटी असतात, 'न्यायचा' आणि 'ठेवायचा'. खूण आपण करायची आणि खाली सही. लपंडूपुढे 'ठेवायचा'वर खूण मी केली. माझ्या पेननं, माझ्या सहीनं.

का, ते सांगते. ते कारण आहे, सबब म्हणून वाचू नकोस.

खूण करण्याआधी प्रत्येक प्राण्याच्या चार हालचाली कच्च्या करून बघतात. चालणं, झोपणं, आनंदणं आणि हरल्यावर कोसळणं. आमच्याकडे हालचाली करणारी एक नवी मुलगी आहे, फार गुणी. तिनं मला बोलावलं. लपंडू चालला, मी हसले. झोपला. उड्या मारल्या. मग ती म्हणाली, "ताई, आता हरतो तो बघा. आधी त्याचं शेपूट गळतं. मग तो." आणि पडद्यावर त्याचं शेपूट तोंडापुढून हळूच खाली आलं, दादा. पहिल्यांदाच त्याचं सगळं तोंड उघडं दिसलं. मग तो आडवा झाला.

हॉस्पिटलमध्ये सिस्टर सुई घेऊन आल्या की ठकी नाकापर्यंत चादर ओढून एक डोळा बाहेर ठेवायची, आठवतं? "मी लपंडू आहे, दिसत नाहीये तुम्हाला." सिस्टरही मग कॉटखाली, खिडकीत तिला शोधायच्या. शेवटच्या दिवशी सकाळी तू खाली औषधं आणायला गेला होतास आणि वहिनी डॉक्टरांकडे. सिस्टर आल्या. ठकीनं चादर ओढली नाही. हात तसाच पुढे केला. सिस्टर थांबल्या, म्हणाल्या, "अगं, आज लपायचं नाही का?" तिनं मान हलवली. नाही. मी शेजारी होते. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तेव्हा तोंडातून निघालं नाही आणि नंतर सांगायची वेळ निघून गेली.

मी त्या मुलीला "छान झालंय" म्हटलं. खरंच छान झालं होतं. टेबलाशी आले आणि खूण केली. त्या खेळावर वर्षभर काम करायचं होतं आणि ते कोसळणं मला शंभर वेळा तपासावं लागलं असतं. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं. एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी, माझे डोळे, माझा जीव.

पैलवान त्याआधी आठ दिवस कोठारात पोचला होता. तू फोन केला होतास, "पाठवला गं." खूण करताना ते मी विसरले होते, असं लिहिणार होते. तसं एक पत्र लिहिलंही होतं आणि ते वाचायला बरं होतं. पण दादा, मी विसरले नव्हते. खूण बदलायला चार दिवस होते. रोज वाटायचं, जाऊ, आजोबांना सांगू, एका ओळीचं तर काम. आणि रोज मी दुसरंच काहीतरी काम काढून बसायची. पाचव्या दिवशी यादी भिंतीवर लागली.

आणि माझ्या तिसऱ्या प्राण्याला जागा झाली ती लपंडूचीच. खूण करताना हे मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ. पण कळल्यावर मी नको म्हटलं नाही. सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि मी थँक्यू, थँक्यू म्हणत हिंडले.

काल आजोबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ठकीचं, पैलवानाचं, तुझं, वहिनीचं. ते काळं भरलेलं चित्र हातात घेऊन ऐकत होते. म्हणाले, "आधी का नाही आलीस?"

मी म्हटलं, "धीर झाला नाही."

"कुणाकडे यायचा? माझ्याकडे?"

"नाही. त्याच्याकडे बघायचा."

त्यांनी हातातलं चित्र टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, या खेळात आता हात घालता येणार नाही, काम पुढे गेलंय. जुन्या खेळात माघारी पाठवायचं विचारलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. तसा रस्ता आम्हीच बांधला नाही. दहाव्या खेळाचं बघू म्हणाले. त्याला चार वर्षं तरी लागतील. हे मी तुला वचन म्हणून सांगत नाहीये, ते काय म्हणाले एवढंच सांगतेय. वचन द्यायला मला तोंड राहिलेलं नाही.

निघताना त्यांनी माझ्यासाठी कोठारातली पैलवानाची नोंद उघडून दिली. आतली नोंद, तुम्हाला दिसत नाही ती. कुठे सापडला, कोणी पकडला. मूळ मालक: ठकी. सोबत चाललेली पावलं: अकरा लाख बेचाळीस हजार तीनशे सात. ठकीची आणि तुमची वेगळी मोजलेली नाहीत. त्या यंत्रात ते नोंदवतच नाहीत, कोण चालवतंय ते. त्याच्या लेखी तुम्ही तिघं एकच माणूस. मी तिथं उभी राहून मोठ्यानं रडले आणि आजोबांनी खोलीचं दार लावून घेतलं.

आता एक काम कर. हे पत्र वहिनीला वाचायला दे. माझ्याबद्दल चांगलं बोलायला जाऊ नकोस, "तिनंही सोसलंय" वगैरे तर मुळीच नको. तुझ्या पत्रातला तो खोटेपणा मी तुला परत करतेय, तो आता घरात ठेवू नकोस. घाई तू केली नव्हतीस. तू बहिणीवर विश्वास ठेवलास आणि बहिणीनं स्वतःला वाचवलं. वहिनीला राग धरायचा असेल तर त्याचा पत्ता माझा आहे. तो माझ्याकडे पाठवा आणि तुम्ही दोघं संध्याकाळी ठकीच्या पलंगावर बसा. यंत्र बंद असलं तरी बसा. एकमेकांशी बोला, निदान भांडा तरी.

मला उत्तर नाही आलं तरी चालेल. वहिनीला तुझ्याशी बोलू दे, एवढंच मागते. तिनं बोलायला सुरुवात केली आणि पहिल्यांदा मला शिव्या दिल्या, तर मध्ये पडू नकोस.

आजवर प्रत्येक काच तू फोडली होतीस. ही मी फोडली.

धाकटी