नवरीमागची जागा

जि. सांगली,
६ मे

चिरंजीव उदयसिंह यास,
हरणाआक्काचे आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. सोनियाचे गुडघे कसे आहेत? कामाला लागली की तुझी बायको कुणाचं ऐकत नाही, तू तरी लक्ष ठेव. अंकिताच्या लग्नाचा बस्ता झाला. पोरीनं चांगले शालू सोडून पांढुरकं काहीतरी उचललं. म्हटलं, "बाई, लग्नाला चाललीस का दवाखान्यात?"

फोनवर बोलायचं तर मागं माणसं असतात, म्हणून लिहिते.

गेल्या श्रावणातल्या पुरात व्याह्यांच्या दोन म्हशी दाव्याला बांधलेल्याच बुडाल्या. परवा ते मानपान ठरवायला आले. नवरीचा मामा धरणाचे दरवाजे चालवतो म्हटल्यावर त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आवं, ज्यानं पाणी सोडलं त्योच मंगलाष्टकाला नवरीमागं उभा ऱ्हाणार व्हय? आमच्या घरात कुणाला बघवायचं न्हाई."

मी सांगून बघितलं. पूर्वी पाऊस चार महिने पुरवून पडायचा, धरण बेताबेतानं भरायचं. आता जून कोरडा जातो आणि मग सगळं पाणी चार दिवसांत नदीनं येऊन आदळतं. धरण रिकामं ठेवावं तर उन्हाळ्यात उसाला पाणी नाही, भरून ठेवावं तर पूर. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. हुकूम वरून येतो, माझा भाऊ नुसतं बटण दाबतो. तू शिकवलेलं सगळं पोपटासारखं म्हटलं. व्याही म्हणाले, "पटतंय की. पर म्हशी आमच्या व्हत्या."

थकले रे मी. दर पावसाळ्यात गावात तुझी बाजू घ्यायची, आणि घरात शिरलेला चिखलही मीच काढायचा.

ह्यांनी तुझ्या जागी आपल्या चुलत्याच्या केरबाला उभं राहायला सांगितलंय. त्यानं पोरीला कधी कडेवरसुद्धा घेतलेलं नाही. तिला हे अजून कळलेलं नाही.

येऊ नकोस, उदय. मांडवात तू पाहुण्यासारखा मागं बसलेला मला बघवणार नाही. तूच फोन कर आणि सांग, धरणात पाणी वाढतंय, रजा मिळत नाही. वैशाखात असं कुणी म्हटलं असतं तर पूर्वी शेंबडं पोरही हसलं असतं. आता कुणी हसणार नाही. अंकितालाही खरंच वाटेल.

भावाला लग्नाला न बोलावणारी,
तुझी आक्का