घशासाठी नॅनोट्यूब

२ एप्रिल, सकाळी
आवाज बसला. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूवर व्रण आहे. चौदा तारखेपर्यंत पूर्ण मौन, नाहीतर आवाज कायमचा जाईल. तीस वर्षं अड्याळची चौदा एप्रिलची जयंती भाषणानं गाजवणाऱ्याला बारा दिवस म्हणजे काय! निश्चय: एक शब्द नाही.

३ एप्रिल
मौन उत्तम. मुलगी रुचिता नागपूरला संशोधन करते. तिनं लेख पाठवला. हायड्रोजेल म्हणजे पाण्यानं भरलेली जेली. तीत केसाहून हजारो पट बारीक कार्बनच्या नळ्या, नॅनोट्यूब. जेली मऊ, नळ्या बळकट, वीजही वाहून नेतात. फाटके स्वरतंतू यानंच भरून निघणार! वाचता वाचता दोनदा घोषणा दिली. हळूच.

४ एप्रिल
रुचितानं कळवलं, बाबा, हे अजून काचेच्या ताटलीतल्या पेशींवरच चालू आहे. ठीक. ताटली नागपुरात. साठ किलोमीटर. एसटी दर अर्ध्या तासाला.

६ एप्रिल
पानठेल्यावर बाबूलाल म्हणाला, गुरुजी, मंतरलेला दोरा बांधून पाहा ना, काय जाते तुमचं? अंधश्रद्धेपुढे गप्प बसणं हा गुन्हा. पाऊण तास नॅनोट्यूब समजावली. कुजबुजत. कुजबुज म्हणजे बोलणं नव्हे.

९ एप्रिल
चंद्रकांता म्हणाली, मौनात जेवढं बोलून राहिले, तेवढं लग्नापासून नाही बोलले माह्याशी. तिला मौनाचं महत्त्व वीस मिनिटं सांगितलं. घशात खरखर. म्हणजे व्रण भरून येतोय.

११ एप्रिल
डॉक्टर भडकले. कुजबुजीनं ताण जास्त पडतो म्हणे. हे आधी सांगायला हवं होतं. (चंद्रकांता म्हणते, सांगितलं होतं.) हायड्रोजेल मागितलं. म्हणाले, माझ्याकडे नाही, कोणत्याच दवाखान्यात नाही. गप्प राहणं तेवढं आहे. उद्यापासून कडक मौन.

१२ एप्रिल
आयोजक सुगतचा फोन. दुसरा वक्ता पाहू काय, काका? ओरडून सांगितलं, मुळीच नाही!

१४ एप्रिल, अड्याळ
मंडप गच्च. माइकसमोर तोंड उघडलं. नुसती हवा. पुन्हा उघडलं. सुगतला वाटलं, आदरांजली. त्यानं सगळ्यांना उभं केलं. दोन मिनिटं अख्खा मंडप माझ्याबरोबर गप्प. मग चंद्रकांतानं माइक घेतला. म्हणाली, यायले बोलता येऊन नाही राहिलं. दहा मिनिटं बोलली. टाळ्या तीनदा.

१५ एप्रिल
डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. मी पाटीवर लिहिलं: आवाज परत येईल?
त्यांनी पाटी घेतली, खाली लिहिलं: पूर्वीसारखा नाही.
ऐकू तर येतं मला. हे त्यांना कसं सांगू?