नुहैलाला विचारल्याशिवाय

सफ्रू, ९ मे

माझी थोरली बहीण, लल्ला तामू,

सलाम. तुझ्या माथ्याचं चुंबन घेते. तेतुआनची दमट हवा गुडघ्यांना सोसतेय ना? आम्ही दोघी बऱ्या आहोत. चेरी यंदा लवकर पिकू लागलीय. नुहैलाचा गणितात दुसरा नंबर आला. जेलाबा झग्यांच्या रेशमी बटणांचं काम भरपूर आहे, पण गेल्या आठवड्यात माझ्या हातून एकही बटण धड झालेलं नाही. सुई सारखी बोटात घुसते.

कोर्टाचा कागद आलाय, लल्ला. नुहैलाला जन्म देणारी इत्तो तिला परत मागतेय.

कागद घेऊन मी कारकुनाकडे गेले. म्हटलं, "बारा दिवसांची असताना हिनं दवाखान्यात टाकलेली पोर. न्यायाधीशांच्या सहीनं मला मिळालीय. आता कसली परत?"

"कफाला म्हणजे सांभाळ, लल्ला झोहर. आईचा हक्क त्यानं पुसला जात नाही. तेव्हा ती सोळा वर्षांची होती, बापाच्या धाकात. आता मेक्नेसला काम करते, नवरा आहे, घर आहे. अडचण संपली, तर ती मागू शकते."

"आणि मी?"

"तुमचंही ऐकतील. पण मुलीला बारा वर्षं पूर्ण झालीत. तिला विचारल्याशिवाय काही ठरणार नाही. न्यायाधीश तिच्याशी एकटीशी बोलतील. तुम्ही बाहेर."

तुम्ही बाहेर!

घरी येऊन मी पोरीला पढवायला बसले. "एवढंच सांगायचं, मला इथंच राहायचंय. जास्त बोलायचं नाही."

कपाटात कपड्यांखाली ठेवलेला कागद तिनं वाचला होता. म्हणाली, "ती मेली असं सांगितलं होतंस ना? मग मेलेली बाई अर्ज कशी करते?"

मी म्हटलं, "थांब, भाजी करपतेय." शेगडीवर काहीच नव्हतं.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. तीन वर्षांपूर्वी, ईदनंतर, तू इथं होतीस आणि नुहैला शाळेत होती. इत्तो दारात आली होती, हातात लहान मुलीच्या सँडलचा जोड घेऊन. माप अंदाजानं घेतलं असणार, कारण ते फारच लहान होतं. मी म्हटलं, "ती मुलगी इथं राहत नाही. ते लोक कासाब्लांकाला गेले." आत येऊन बसले, तेव्हा तू म्हणालीस, "झोहर, हे पाप आहे." मी तुला गप्प केलं.

इत्तो ते काढणारच, आणि कोर्ट विचारील, त्या दिवशी घरात कोण होतं. तू म्हण, कुणी आलंच नव्हतं. तू हज करून आलेली, तुझ्या शब्दाला वजन आहे. म्हणूनच मागायला जीभ रेटत नाही, आणि म्हणूनच मागतेय.

तुझी घाबरलेली,
झोहर

---

सफ्रू, २ जून, शुक्रवार

लल्ला,

'येते, तुझ्याजवळ बसते, पण खोटं बोलणार नाही,' हे तुझं उत्तर वाचून मी रागानं 'येऊच नकोस' म्हणून कळवलं. माफ कर. कोर्टातल्या त्या बाकावर तू हवी होतीस.

समोरच्या बाकावर इत्तो होती. किती कोवळी दिसते अजून! माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. सगळा वेळ नुहैलाच्या पायांकडे बघत होती.

नुहैलानं माझा हात धरला होता, घामानं चिकट झालेला. हळूच म्हणाली, "आई, तिनं मला कधी शोधलंच नाही?"

'नाही' अगदी ओठावर आलं होतं. कसं झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "आली होती. तीन वर्षांपूर्वी. मी तिला हाकललं."

तिनं हात सोडवून घेतला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. दार लागलं.

ती चाळीस मिनिटं आत होती. मला वाटलं, संपलं. माझ्याच हातानं मी तिला सुरी दिली. बाहेर आली की उचलायची आणि तुझ्याकडे पळायचं, तिथून बोटीनं पलीकडे स्पेनला, असंही मनात आलं. पण मी बसूनच राहिले. ती डोळे लाल करून बाहेर आली, आणि मला आत बोलावलं.

न्यायाधीश वयस्कर बाई. खुर्चीत बसायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मुलीनं मला यातलं काही सांगितलं नाही."

"तिला माहीत आहे, साहेब. आत यायच्या आधीच मी तिला सांगितलं."

"असेल. मी विचारलं होतं, इत्तो कधी भेटायला आली होती का. ती म्हणाली, ते माझी आई सांगेल."

लल्ला, त्यानंतर बराच वेळ मला दिसतच नव्हतं.

बोलणी मात्र खाल्ली. "तिची आई तिच्यापासून लपवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?" मग निकाल दिला. पोरीनं स्वतः सांगितलं म्हणून शाळा इथंच, राहणं माझ्याकडे. दर शुक्रवारी इत्तोबरोबर. वर्षानं पुन्हा विचारतील. तेव्हा ती काय सांगेल, कोण जाणे.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "माझा निळा स्वेटर कुठाय?" मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

आज पहिला शुक्रवार. इत्तो सकाळी तिला मेक्नेसला घेऊन गेली. पाचला येणार होत्या. आता सहा वाजून दहा मिनिटं झालीत. टॅक्सीच्या अड्ड्यावर मी दोनदा जाऊन आले. इत्तोचा फोन लागत नाही. मी तिच्याशी वागले, तसंच ती माझ्याशी वागली तर? वाट बघवत नाही, म्हणून तुला लिहीत बसलेय. अक्षर लागलं नाही तर समजून घे.

जिन्यात पावलं वाजतायत, दोघींची. नुहैला काहीतरी सांगतेय आणि ती बाई हसतेय. अगदी नुहैलासारखं हसते, लल्ला. इतकी वर्षं रोज ऐकत होते, पण हे हसणं कुठून आलं ते मला ठाऊक नव्हतं.

उठते, चहाला पाणी ठेवते.

तुझी धाकटी बहीण, आणि दोन आयांपैकी एक,
झोहर