दोनशेचा आकडा

१४ एप्रिल
एकशे एकाहत्तर! चहा निवून गेला, मी अजून तोच आकडा घोकतेय.
जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर आज वेगाची चाचणी होती. शेवटाला स्टिअरिंग हलकं झालं. पुढची चाकं जमिनीला नुसती शिवत होती. तेव्हा जरा जरी वळवलं असतं तर...
मी ड्रायव्हिंग शिकवणारी बाई. रोज लिंकन शहराच्या गल्ल्यांतून पोरांवर ओरडते – तीसच्या वर नको! आणि रविवारी हे असलं करते.
डेन्झिल धावत आला. धावू नको, वेगात गाडी चालवू नको म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. "हेस्टर, एकशे एकाहत्तर मैल! आपल्या शेडमधल्या गाडीनं!" लग्नाच्या दिवशीही नवरा इतका खूश दिसला नव्हता. हलक्या स्टिअरिंगचं मी बोललेच नाही.

१६ एप्रिल
सांगून टाकलं. तो हसला नाही. पुढच्या चाकाकडे रोखून कॅमेरा बसवला होता, त्याचं चित्रण दोघांनी पाहिलं. वेग वाढतो तशी चाक आणि बॉडी यांच्यातली फट वाढत जाते. शेवटी चांगली दोन बोटं! हवा नाकाखाली शिरून गाडीला वर उचलतेय.
"म्हणजे ही उडणार होती?"
"एकशे एकाहत्तरला नाही," तो म्हणाला.
मग कितीला, ते मी विचारलं नाही.

२१ एप्रिल
इंजिनवाला इद्रिस वेल्सहून आला. आल्या आल्या बिस्किटांचा डबा संपवला.
डेन्झिलला दोनशे हवेत. मला वाटलं, एकशे एकाहत्तरवरून दोनशे म्हणजे थोडीच जास्त ताकद. इद्रिस म्हणतो, "तसं नसतं, बाईसाहेब. जेवढा वेग, त्याहून कितीतरी जास्त हवा आडवी येते. आत्ता चारशे वीस घोड्यांची ताकद आहे. नुसत्या इंजिनाच्या जोरावर दोनशे गाठायचे तर पावणेसातशे लागतील."
"आणि नाक वर उचललं तर?" मी विचारलं.
"मग ताकद काय कामाची? चाकं हवेत, घोडे हवेत."
दोघं खो-खो हसले. मी भांडी घासायला उठले.

५ मे
आधी हवेचा बंदोबस्त. पोटाखाली सपाट पत्रा, नाकाखाली पुढे आलेली पट्टी, मागे छोटा पंख. पंख मोठा नको, तोच हवेला अडवतो. पुढे दाब आणि मागे हलकं, असंही चालत नाही – मग मागची बाजू फिरते. एक सुधारलं की दुसरं बिघडतं.
हवा कशी वाहते ते दिसावं म्हणून माझी विणायची लाल लोकर कापून बॉडीभर चिकटवली. मी ऐंशीनं चालवत होते, डेन्झिल इद्रिसच्या गाडीतून बाजूने बघत होता. मागच्या काचेवरची लोकर गरागरा फिरत होती, बाकी सगळी सरळ. तिथे हवा घुसमटते म्हणे. माझ्यासारखीच.

१९ मे
नवं इंजिन सहाशे दहा घोड्यांचं, आत जादा हवा कोंबणारा टर्बो लावलेला. शेडमध्ये सुरू केलं तर खिडकीच्या काचा थडथडल्या. आता हवा कमी अडते, म्हणून एवढ्या ताकदीत दोनशे होतील, असा इद्रिसचा हिशोब.
शिकवताना काल एका पोरीनं एकाएकी ब्रेक दाबला. मी किंचाळले! तिची माफी मागितली.

२ जून
धावपट्टीवर नुसतं बघायला गेलो होतो. पीटरबरोच्या एका माणसाची गाडी – आमच्यासारखीच, घरी जोडलेली. नाक उचललं. कागदासारखी उलटी झाली, मग गवतात घसरत गेली. त्याचा खांदा मोडला, बाकी वाचला.
डेन्झिलनं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. घरी आलो. मी म्हटलं, "आपली दोनशेची चाचणी रद्द करायची?"
"तू म्हणशील तसं."
हा कसला जबाब! मी नको म्हटलं तर आयुष्यभर शेडमध्ये ती गाडी माझ्याकडे बघत बसेल. जाऊ म्हटलं.

३ जून
झोप नाही.

१५ जून
उद्या. हेल्मेट घालून बघितलं, श्वास कोंडला, काढलं. डेन्झिलनं मासे तळले, मला एक घासही गेला नाही. त्यालाही नाही.

१६ जून
एकशे त्र्याऐंशी. बस.
सुरुवातीला एप्रिलचंच डोळ्यांपुढे होतं. पण स्टिअरिंग जड होतं! पुढची चाकं जमिनीत रुतल्यासारखी. एकशे साठ, सत्तर... हलकं व्हायची वाट बघत होते, झालंच नाही. आणि मग गाडीचाच दम संपला. पाय तळाला, धावपट्टी पुढे बरीच शिल्लक, आणि काटा जागचा हलेना.
"छान! पुरे आता," डेन्झिल म्हणाला. डोळे पुसत होता. दोनशेचं नावही काढलं नाही.
सुटले. मग मला राग कसला आलाय?

१८ जून
इद्रिसला फोन केला, गाडीचा दम का संपला ते विचारलं. आधी टाळाटाळ, मग –
"परवा सकाळी डेन्झिलनं मला बाजूला घेतलं. टर्बोचा दाब खाली आण म्हणाला. पाचशे घोडेसुद्धा नव्हते तेव्हा. म्हणाला, गाडी दुसरी जोडता येईल, हेस्टर नाही. मला शप्पथ घातलीय, बाईसाहेब!"
स्वयंपाकघरात बसून रडले. प्रेमानं की संतापानं, देव जाणे. मी तिथे जीव मुठीत धरून बसले होते, आणि यानं मला विचारलंसुद्धा नाही!

१९ जून
भांडलो. खूप. तो म्हणाला, "तुला तरी कुठे जायचं होतं? तू माझ्यासाठी जात होतीस."
खरं होतं ते. एप्रिलमध्ये खरं होतं.

२३ जून
टर्बोचा दाब परत वर चढवून घेतला. इद्रिसनं दोनदा विचारलं, खरंच ना? सप्टेंबरच्या चाचणीच्या यादीत नाव दिलंय. भीती वाटतेच. डेन्झिलला सांगितलं – यायचं तर ये, नाहीतर मी एकटी जाईन.