बाहेरचं गोड

नेकनूर,
१९ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंच्या चरणी दीपमालाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मायन्यातच पेन अडलं. माहेरी गेले की तुम्हाला पत्र लिहिताना ‘ती. सौ.’ लिहायची सवय. ते आता लिहिता येत नाही, आणि ‘गं. भा.’ लिहायला हात वळत नाही. म्हणून दोन्ही गाळून नुसतं ‘ती.’ लिहिलं आहे. चुकलं असेल तर रागवा. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की सासू-सुनेचं बोलणं सगळ्या गल्लीला कळतं. त्यापेक्षा पत्र बरं.

इकडे सगळे ठीक. तूर निघाली. मामा गेले त्या दिवसापासून तुमचे चिरंजीव त्यांचीच टोपी घालून शेतात जातात, ती कानावर येते तरी काढत नाहीत. तुमची खाट मधल्या खोलीतून काढून पुढच्या खोलीत लावली आहे. स्वयंपाकघरही सगळं हलवलं. तिखटामिठाचे डबे माझ्या हाताशी घेतले, म्हणजे तुम्ही आलात तरी तुम्हाला कशाला हात लावायला नको.

आता कामाचं. २३ फेब्रुवारीला आरोहीचा वाढदिवस. तिने मोबाइलवर एका बाईला मफिन करताना पाहिलं आणि तेव्हापासून हट्ट धरला आहे. मफिन म्हणजे वाटीएवढा केक, फुगून वर टोपी आलेला. विकतचा नको, आपल्या घरात केलेला पाहिजे म्हणते. आपलं तर दुखवट्याचं वर्ष. घरात गोड शिजत नाही, कढई चढत नाही, बाहेरच्या कुणी आणून दिलं तरच पोरांच्या तोंडात जातं. संक्रांतीलासुद्धा छबुबाईंनी भिंतीवरून दिले तेवढेच तिळाचे लाडू. पण मफिनला कढई लागत नाही. मैद्यात दही अन् सोडा घालून कालवायचं, कुकरच्या तळाला मीठ पसरायचं, शिट्टी अन् रिंग काढायची, वर वाट्या ठेवायच्या. तळण नाही, पाक नाही. मग ते चालतं का?

छबुबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, न्हाई म्हंजे न्हाई, कुकर काय अन् कढई काय. तुमचे दीर बंकटकाका म्हणाले, वरणाला कुकर रोजच लावता की, त्याला कावून बंदी? आणि दुपारी मुद्दाम परत येऊन सांगून गेले की मी काय बोललोच न्हाई, वहिनीला इचारा. म्हणून तुम्हाला विचारते.

तोवर हात बसावा म्हणून मी एकदा करून पाहिले. गोड करायला परवानगी नाही, म्हणून साखर घातलीच नाही. पांढरेफटक झाले आणि थंड झाल्यावर वरवंट्यासारखे. तुमच्या चिरंजीवांनी ठेच्याशी दोन खाल्ले आणि भाकरी जाड झाली म्हणाले. आता साखर घातल्यावर ते फुगतील का, हे साखर घातल्याशिवाय कळणार नाही, आणि साखर घालता येत नाही. माझं डोकं चालेनासं झालं आहे.

तुम्हाला माहेरी बरं वाटत असेल तर निवांत राहा, इकडची काळजी करू नका. माझ्यावरची माया तिकडच्या पाहुणचारात पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
दीपमाला


घाटनांदूर,
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. दीपमालास आत्याबाईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, अर्धं समजलं. मायन्याचं मनावर घेऊ नकोस. मलाही स्वतःच्या नावाआधी काय लावावं ते अजून कळलेलं नाही.

मैद्यात दही अन् सोडा घालतेस, म्हणजे तो ढोकळा झाला. वाटीत करतेस, म्हणजे इडली झाली. आणि म्हणतेस केक. बरं, असेल. पण बिनपाण्याचा कुकर चुलीवर चढवलास हे काही बरं केलं नाहीस. अशाने कुकर फुटतो. मोबाइलवरच्या बाईचं काय जातं? तळाला चांगलं पेलाभर पाणी घालत जा. आणि साखरेविना गोडाची तालीम करणारी सून साऱ्या बीड जिल्ह्यात मला एकटीलाच मिळाली. चंद्रभागावहिनीला वाचून दाखवलं तर तिला हसून हसून ठसका लागला.

नियमाचं म्हणशील तर बंदी गोडाला आहे, भांड्याला नाही. घरातल्याने करायचं नाही, बाहेरच्याने आणलं तर नको म्हणायचं नाही. माझ्या सासूने मला एवढंच सांगितलं. तिला कुणी सांगितलं, ते तिने सांगितलं नाही.

बजरंगने वहिनीला ओव्हन घेऊन दिला आहे. तो इस्त्री केलेल्या कापडाखाली झाकलेला असतो आणि त्यात कुणी काही करत नाही. मला वाटलं, त्यातच आरोहीसाठी मफिन करून पाठवावेत. पण तिथेच माझा घोळ झाला. मी पाठवलं तर ते बाहेरचं धरायचं का आतलं? बजरंग म्हणाला, आक्का, तू नेकनूरचीच, त्यात इचारायचं काय. पण तो भाऊ आहे, त्याला तसंच म्हणावं लागतं. आमच्या चंद्रभागावहिनीचं बोलणं वेगळं. ती म्हणाली, धनी गेल्यावर बाईचं घर कोन्तं ते बाईनं ठरवायचं नसतं, लेकसुना ठरवतात. ती वाईट बोलली नाही, पिठलं हाटताना सहज बोलली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी चार दिवसांसाठी म्हणून आले होते. चार दिवसांचे किती झाले ते तुला माहीत आहे. तेव्हा तूच सांग, मी आतली का बाहेरची? घाई नाही, विचार करून लिही.

नातीला आजीची आठवण येते का ते लिहायला विसरलीस. मायेत ठेव.

तुझी,
आत्याबाई


नेकनूर,
४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंच्या पायी दीपमालाचा आदरपूर्वक नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र वाचून जिवात जीव आला. किती सोपी वाट काढलीत! मी, छबुबाई, बंकटकाका, सगळ्यांनी एवढं डोकं खाजवलं, पण हे कुणाला सुचलं नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे कुकरमध्ये पाणी घातलं. मीठही होतंच, ते विरघळलं. वाट्यांत वरून थेंब गळाले आणि मफिन ओले गिच्च झाले, चव खारट. आरोहीने एक हातात घेतला, दाबला आणि मला विचारलं की आई, हा रडला का गं? मग मी पुन्हा पाण्याविना लावले. खालून करपले, वरून कच्चे. सोडा शिळा आहे का आच मोठी, का साखर नसल्याचा हा राग, काही कळत नाही. त्या मोबाइलवरच्या बाईचे दर वेळी फुगतात. तिच्या घरी कुणी गेलेलं नसेल.

तर तुम्हीच तिकडून करून पाठवा. छबुबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, घाटनांदूरहून आलं म्हंजे बाहेरूनच आलं, त्याला कोण बोट लावतंय. बंकटकाकांनीही मान हलवली. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तुम्ही बाहेरच्या, आता कुणाला बोलायला जागा नाही. बजरंगमामा अंबाजोगाईला येतात, तिथून एस.टी.त डबा दिला तरी चालेल. माप पाठवते: दोन वाट्या मैदा, वाटीभर पिठीसाखर, वाटीभर दही, अर्धी वाटी तेल, खायचा सोडा चिमूटभर, लागेल तसं दूध. फार फेटायचं नाही म्हणतात. का, ते मला माहीत नाही.

तुमची तब्येत जपा, निवांत राहा. तिथे तुमची छान सोय होते हे ऐकून आम्हाला समाधान आहे. आहे तशीच आपुलकी पुढेही असू द्या.

तुमची,
दीपमाला


घाटनांदूर,
११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दीपमालास आशीर्वाद.

मफिन केले. वहिनीने ओव्हनवरचं कापड काढलं, बजरंगने चष्मा लावून बटणं वाचली. पहिल्याच वेळी फुगले. टोपी आली. तुझ्या मापात काही खोट नाही, खोट कुकरमध्ये माझ्या सांगण्याने पाणी घातलंस त्यात होती. पुन्हा ताजे करून शनिवारी, २२ तारखेला डबा पाठवते. बाहेरचा म्हणून घे.

मनातलं लपवून मला लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहिते. मी आतली का बाहेरची हे मी तुला विचारलं होतं. ते तू छबुबाईला विचारलंस. बरं झालं, चौघांत ठरलं.

तुझं पहिलं पत्र मी तेव्हा हसत वाचलं होतं. आता काढून पुन्हा वाचलं. माझी खाट मधल्या खोलीतून काढली. माझे डबे हलवले. मी कशाला हात लावू नये अशी सोय केली. निवांत राहा म्हणालीस, एकदा नव्हे, दोन्ही पत्रांत. कधी येता, असं मात्र कुठेच नाही. तीस-पस्तीस वर्षं ज्या घरात उठले-बसले, त्या घराची मी पाहुणी कधी झाले ते मला कळलं नाही. तू वाईट नाहीस. म्हणूनच मला राग कुणावर धरावा हे समजत नाही आणि रात्रंदिवस तेच घोळतं. हे होते तेव्हा हा प्रश्न कधी पडला नव्हता.

बजरंगने मागची खोली रिकामी करून देतो म्हटलं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण म्हणेन असं वाटतं. डबा परत पाठवशील तेव्हा माझी दोन लुगडी आणि गरम शाल त्याच्याबरोबर दे. बाकीचं राहू दे.

आरोहीला औक्षण करताना माझ्याही नावाने ओवाळ. तू माझ्यावर लोभ ठेवलास तसाच ठेव, लांबून.

आत्याबाई


नेकनूर,
१५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंना दीपमालाचा नमस्कार.

बाकीचा मायना सुचत नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा मी पीठ मळत होते. वाचलं आणि तसेच पिठाचे हात घेऊन उंबऱ्यावर बसले. तुमचे चिरंजीव शेतातून आले, त्यांना पत्र दिलं. ते वाचून म्हणाले, आईला आसं वाटलंच कसं, आणि टोपी काढून बाहेर जाऊन उभे राहिले.

आत्याबाई, मधल्या खोलीत तुम्ही मामांच्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून पडायच्या. पहाटे मी चहा घेऊन आले की तुमचे डोळे उघडेच असायचे. म्हणून तुमची खाट पुढे घेतली. तिथे ऊन येतं, आरोही दप्तर टाकते, येणारंजाणारं दिसतं. डबे हलवले ते तुम्हाला विसावा मिळावा म्हणून. माझ्या आईने मला हेच शिकवलं होतं की मोठ्यांना बसल्या जागी हातात द्यावं. त्याचा अर्थ तुमच्या हातातलं काढून घ्यावं असा होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि कधी येता असं विचारलं नाही, कारण सगळे सांगत होते की दुःखातल्या माणसाला घाई करू नको. मी रोज हा प्रश्न गिळला आणि निवांत राहा असं लिहिलं. मला वाटलं तुम्हाला कळेल. तुम्हाला वाटलं मला कळलं.

तुमचा प्रश्न मी मफिनचा समजले. दहा जणांना विचारत सुटले. मूर्ख म्हणा, चालेल, पण बाहेरच्या म्हणू देऊ नका. इथे काय हाल आहेत ते तरी ऐका. तुम्ही गेल्यापासून माझ्या वरणाला कुणी पातळ म्हटलं नाही. भाकरीला कुणी नाव ठेवलं नाही. दुपारी पडले तर कुणी उठवलं नाही. असं घर कसं चालायचं? आरोहीला तुमची आठवण येते का, असं तुम्ही विचारलं होतं आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही, कारण येते असं लिहिलं तर तुम्हाला त्रास होईल असं वाटलं. येते. मलाही येते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, छबुबाईंना न विचारता. तुम्ही आतल्या. सगळ्यांत आतल्या. तेव्हा आपल्या नियमाने तुमच्या हातचं गोड या घरात वर्षभर चालणार नाही. शनिवारी डबा पाठवू नका. आलाच तर मी तो आल्या पावली परत लावीन. लुगडी, शाल काही पाठवत नाही, ती इथेच धुऊन ठेवली आहेत. तुम्ही स्वतः या, आणि रिकाम्या हाताने या. पाहुणे काहीतरी घेऊन येतात.

आरोहीच्या मफिनचं मी पाहते. मैदा, दही, साखर घेऊन छबुबाईंच्या घरी जाईन आणि त्यांच्या चुलीवर त्यांच्याकडून लावून घेईन. फुगतील की नाही देव जाणे. ते बाहेरचं ठरतं का आतलं, हेही मला आता कळेनासं झालं आहे, आणि मी ते कुणाला विचारणारही नाही.

यापुढे तुमची माया मला लांबून नको, आणि पत्रातूनही नको.

तुमचीच,
दीपमाला


घाटनांदूर,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दीपमालास आशीर्वाद.

पत्र वाचलं. वहिनीने विचारलं काय लिहिलंय. पत्रच तिच्या हातात दिलं आणि मी परसात जाऊन तोंड धुऊन आले.

तालमीला परवा पुन्हा केलेले मफिन उरले होते, ते इथल्या पोरांना वाटून टाकले. बजरंगला सांगितलं, मागची खोली राहू दे. शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, अंबाजोगाईला गाडी बदलून दुपारपर्यंत पोचते. माझ्या लेकाला स्टँडवर पाठव. वहिनी आजच वाटेसाठी शंकरपाळे बांधायला बसली, मी नको म्हटलं. पोरीच्या वाढदिवसाला मोकळं जाऊ नये, म्हणत ती लई चिडली. तिला समजावून सांगायला गेले आणि माझंच मला हसू आलं. आजवर कुणाच्या दारी मी रिकाम्या हाताने गेले नाही, मला ते जमेल का याची अजूनही शंका आहे.

आरोहीला आधीच नीट सांगून ठेव. आजी काही घेऊन येणार नाही, नुसती येणार आहे.

तुझी,
आत्याबाई, नेकनूरकर